पाच-नऊ आणि एकास एक

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला की नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सेट कोणता घेऊ? जपानी की चिनी, कोरा की कुणीतरी विकायला काढलेला, किती वॉटचा? यावर तासन्‌तास खल चालतो. अँटेनाचा विषय त्यानंतर निघतो, आणि हवेवर बोलायचं कसं हा विषय तर बहुधा निघतच नाही. ते पुढे अंगवळणी पडेल असं सगळे धरून चालतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. तुमचा आवाज कुठवर पोचणार हे गच्चीवरची तार ठरवते, आणि पोचल्यावर कुणी उत्तर देणार की नाही हे तुमची रीत ठरवते. सेटचा नंबर तिसरा.

आपल्याकडे या छंदाने शंभरी ओलांडली आहे. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१मध्ये परवाना मिळाला, ते भारतातले पहिले हौशी रेडिओचालक. त्याच वर्षी मुकुल बोस आले आणि बोलायला दोन टोकं झाली. मुंबईत रेडिओ क्लबने जून १९२३मध्ये प्रसारण केलं, म्हणजे आकाशवाणीच्या कितीतरी आधी. त्या नावाचा क्लब अपोलो बंदरावर आजही आहे. लोक तिथे समुद्र बघायला आणि लग्नाला जातात. भारतीय हॅमच्या कॉलसाइनची, म्हणजे हवेवरच्या ओळखनावाची, ‘व्हीयू’ ही आद्याक्षरं १९२९पासूनची. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर परवाने थांबवले गेले.

आणि नेमक्या त्याच काळात मुंबईत एक विनापरवाना केंद्र सुरू झालं. ऑगस्ट १९४२च्या ‘चले जाव’नंतर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ नोव्हेंबरपर्यंत, पोलिसांचा छापा पडेपर्यंत, जागा बदलत बोलत राहिला. त्याची लहर होती ४२.३४ मीटरची. हा आकडा इतिहासाच्या पुस्तकात नुसता छापलेला असतो, पण हॅमने त्याचं गणित करून बघावं. प्रकाशाच्या वेगाला लहरीच्या लांबीने भागलं की फ्रिक्वेन्सी येते सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ. आज भारतातले हौशी रेडिओचालक ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झच्या ज्या ‘४० मीटर’ पट्ट्यावर सकाळच्या गप्पा मारतात, त्याच्याच पोटात ही जागा येते. त्या लहरीसाठी अर्ध्या लहरीची तार ताणायची म्हटली तर वीस मीटर. ती लपवायची कशी, हा प्रश्न मुंबईकर हॅमला आजही पडतो, फक्त आता पोलिसांऐवजी सोसायटीचे सेक्रेटरी असतात.

स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये महूच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रात देशव्यापी क्लब सुरू झाला, तीच पुढची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया. १९८३मध्ये हैदराबादला राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था निघाली. राजीव गांधी स्वतः परवानाधारक होते, व्हीयू२आरजी या कॉलसाइनने बोलत. छंदाचं आपलं कायदेशीर घर म्हणजे १९७८चे हौशी सेवा नियम. दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची परीक्षा, किमान वय बारा, आणि दोन दर्जे : रिस्ट्रिक्टेडवाल्याला व्हीयू३, जनरलवाल्याला व्हीयू२. जनरलसाठी मोर्सची परीक्षा असते, मिनिटाला आठ शब्द. मोर्सच्या धास्तीने अनेक जण वर्षानुवर्षं व्हीयू३च राहतात आणि त्यांचं काही फारसं अडतही नाही.

आता रीतीकडे. हवेवर काय बोलू नये याची यादी नियमांत आहे. धंद्याचं बोलू नये, गाणी वाजवू नयेत, गुप्त भाषा वापरू नये, शिव्या देऊ नयेत. काय बोलावं याबद्दलचा जुना आंतरराष्ट्रीय नियम मात्र मोठा गमतीचा होता : तांत्रिक विषय आणि किरकोळ वैयक्तिक गोष्टी. हवापाणी, तब्येत, काल कुठली तार कुठे बांधली, आज चहा झाला का. नव्या माणसाला या गप्पा पोकळ वाटतात. पण त्या तशा असणं हीच कायद्याची अपेक्षा होती. महत्त्वाचा व्यवहार करायचा तर टपाल आणि टेलिफोन आहेत, ही त्यामागची जुनी भूमिका.

लेखी नियमांपेक्षा अलिखित रीत जास्त कडक असते, आणि तिचं पहिलं कलम म्हणजे ऐकणं. सेट लावला, बटण दाबलं आणि हाक मारली, असं करायचं नसतं. आधी काही मिनिटं ऐकायचं, मग ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का असं विचारायचं (मोर्सवाला ‘क्यूआरएल’ आणि प्रश्नचिन्ह पाठवतो), पुन्हा ऐकायचं, पुन्हा विचारायचं. हा नुसता शिष्टाचार नाही. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन खाली येतात आणि मधला पट्टा कोरडा सोडतात. पुण्यातल्या माणसाला चेन्नईचा आवाज ऐकू येत असेल आणि चेन्नईवाला ज्याच्याशी बोलतोय तो नगरचा माणूस अजिबात ऐकू येत नसेल, हे रोजचं आहे. तुमच्या कानाला शांत वाटणारी जागा दुसऱ्याच्या बोलण्याच्या ऐन मध्यावर असू शकते. दोनदा विचारल्यावर संभाषणातलं कुणीतरी ‘चालू आहे’ म्हणतं. मग निमूट दुसरीकडे सरकायचं. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी फ्रिक्वेन्सी कुणाला धरून ठेवता येत नाही. रोज सात वाजता भरणाऱ्या नेटलाही, म्हणजे ठरलेल्या वेळच्या सामूहिक गप्पांनाही, तो हक्क नसतो. फक्त जुन्या नेटला जागा करून देण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली पद्धत आहे.

हाकेचंही एक वळण आहे. आधी समोरच्याचा कॉलसाइन, मग स्वतःचा, तोही व्हिक्टर युनिफॉर्म टू अशा ठरलेल्या उच्चारांत. इथे स्वतःच्या कल्पनेतले गमतीदार शब्द वापरणारे हौशी असतात. गोंगाटात पलीकडच्या परदेशी माणसाला ते कळत नाहीत, एवढंच होतं. दहा मेगाहर्ट्‌झच्या खाली आवाजासाठी लोअर साइडबँड, वर अप्पर, हा संकेत. नेटमध्ये कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्याने, बोलावल्याशिवाय बोलायचं नाही. रिपीटरवर, म्हणजे आवाज उचलून पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर, दोघांच्या बोलण्यात दोन-तीन सेकंदांची फट ठेवायची, कारण मदत मागणाऱ्याला शिरायला तेवढीच जागा असते. आपल्याकडे ही फट सर्रास खाल्ली जाते. एकाचं ‘ओव्हर’ संपायच्या आत दुसऱ्याचं बटण दाबलेलं असतं. हवेवरच्या सगळ्या वाईट सवयींत मी हिला पहिला नंबर देईन, कारण ज्या आणीबाणीचं नाव घेऊन आपण हा छंद मिरवतो, तिचं दारच ती बंद करते.

क्यू-कोडचा जन्म तारायंत्राच्या गरजेतून झाला. लांब वाक्य तीन अक्षरांत बसवायचं होतं. आवाजावर बोलताना त्याची गरज थोडी, तरी ‘माझा क्यूटीएच सातारा’ म्हटल्याशिवाय कित्येकांना सातारा सांगताच येत नाही. हा बिरादरीचा लहेजा आहे, त्याचा राग करण्यात अर्थ नाही. निरोपाचं ‘सेव्हंटी-थ्री’, वयाने कितीही लहान असला तरी त्याला ‘ओएम’ (ओल्ड मॅन) म्हणणं, गेलेल्या माणसाला ‘सायलेंट की’ म्हणणं, हे सगळं जगभर तसंच चालतं. सकाळी ४० मीटरवर इंग्रजीच्या जोडीने मराठी, हिंदी, कन्नड, मल्याळम ऐकू येतात आणि या तीन-चार संज्ञा सगळ्या भाषांत तशाच राहतात.

दुर्मीळ ठिकाणाहून कुणी बोलू लागलं की शेकडो केंद्रं एकाच वेळी त्याच्यावर तुटून पडतात. याला पाइल-अप म्हणतात. अनुभवी माणूस अशा वेळी एका जागी बोलतो आणि पाच किलोहर्ट्‌झ वर ऐकतो, म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज गर्दीत बुडत नाही. त्याने ‘अप फाइव्ह’ सांगितलेलं न ऐकता त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर ओरडत बसणारे असतात, आणि त्यांना गप्प करण्यासाठी त्याच जागी ओरडणारे स्वयंघोषित पोलीस असतात. उपद्रव दोघांचा सारखाच.

यानंतर येतो रिपोर्ट, आणि इथे मला सगळ्या बिरादरीशी भांडायचं आहे. आवाजाचा रिपोर्ट दोन आकड्यांचा : पहिला स्पष्टतेचा, एक ते पाच, दुसरा जोराचा, एक ते नऊ. म्हणजे ‘पाच-नऊ’ हे पैकीच्या पैकी. आता कुठलाही दिवस ऐकून बघा. पाच-नऊ दिल्यावर लगेच ‘आपलं नाव पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही’ हे वाक्य येतं. स्पर्धांमध्ये तर सगळे सगळ्यांना पाच-नऊ देतात आणि लॉग लिहिणारं सॉफ्टवेअर तो आकडा आपणहून भरतं. शिष्टाचार म्हणून सुरू झालेल्या या खोटेपणाने नव्या माणसाचं फार नुकसान होतं. ज्याची तार अर्धवट आहे, कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय, तो पाच-नऊ ऐकून खूश होतो आणि गच्चीवर चढतच नाही.

गच्चीवर चढल्यावरचं शास्त्र खरं म्हणजे थोडं आहे. सर्वांत साधी आणि आजही सर्वांत भरवशाची अँटेना म्हणजे अर्ध्या लहरीचा डायपोल. मधोमध तोडलेली तार, तिथून खाली येणारी कोअ‍ॅक्स केबल, बस. लांबी काढायची तर १४३ला मेगाहर्ट्‌झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१साठी वीस मीटर आणि थोडं वर, म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. १४.२साठी त्याच्या निम्मं. घरच्या वायरिंगची प्लास्टिकचं आवरण असलेली तार वापरली तर दोन-तीन टक्के कमी लागते, म्हणून आधी लांब ठेवून मग छाटत यायचं. मोकळ्या जागेत डायपोलचा अवरोध ७३ ओहमच्या आसपास असतो, केबल आणि सेट ५० ओहमचे. मध्य उंचावर बांधून दोन्ही टोकं उतरती केली, म्हणजे ‘इन्व्हर्टेड व्ही’ केली, की तो ५०कडे येतो आणि खांबही एकच लागतो. गच्चीवर हाच आकार का दिसतो त्याचं उत्तर यात आहे. जोडावर एकास एक बॅलन बसवावा, नाहीतर केबलचं बाहेरचं कवचही अँटेनाचा भाग होतं आणि घरातला सगळा खरखराट आत घेऊन येतं.

एसडब्ल्यूआर नावाचा दुसरा आकडा इथे येतो, आणि पाच-नऊइतकीच फसवी शांती देतो. अँटेना आणि केबल यांचा मेळ किती बसला, हे तो सांगतो. ७३ आणि ५० ओहमच्या जोडीत तो दीडास एक असतो आणि त्याने व्यवहारात काहीही बिघडत नाही. तरीही माणसं दीडाचा एक करण्यासाठी चार रविवार घालवतात. डमी लोडचा, म्हणजे डब्यात बसवलेल्या ५० ओहमच्या रोधाचा, एसडब्ल्यूआर अगदी एकास एक असतो आणि तो शेजारच्या गल्लीतही ऐकू जात नाही. लांब, हलकी केबल असली तर परतणारी शक्ती वाटेतच विरते आणि खाली मीटरवर आकडा सुंदर दिसतो. तीस मीटर आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्‌झवर साधारण सहा डेसिबल खाते, म्हणजे सेटमधून निघालेल्या शक्तीतली जेमतेम पाव वर पोचते. हीच केबल सात मेगाहर्ट्‌झवर चालून जाते. ट्यूनरचीही तीच गोष्ट : तो सेटची समजूत घालतो, तारेला सुधारत नाही. हातात मावणारा नॅनोव्हीएनए आल्यापासून गच्चीवरच, जोडापाशीच मोजता येतं. तो आधी घ्या, ट्यूनर नंतर.

शक्ती वाढवून काम भागेल अशी एक आशा असते. ५० वॉटच्या जागी ४०० वॉट केले तर फरक पडतो नऊ डेसिबलचा. एस-मीटरवरची एक पायरी सहा डेसिबलची धरतात, म्हणजे एवढा खर्च करून काटा दीड पायरी सरकतो. डायपोलची उंची वाढवून किंवा चांगली केबल घालून तेवढाच फायदा पुष्कळदा स्वस्तात होतो, आणि तो ऐकतानाही मिळतो. मोठ्या शक्तीने ऐकण्यात काडीची सुधारणा होत नाही.

उंचीबद्दल मात्र पाठ्यपुस्तकं वाचून उगीच निराश व्हायला होतं. अर्ध्या लहरीची उंची आदर्श, असं ती सांगतात. ४० मीटरसाठी ती वीस-एकवीस मीटर झाली, म्हणजे सहा मजले. मग सहा-सात मीटरवर बांधलेला डायपोल वाया गेला का? नाही. खालच्या उंचीवर तो आपली शक्ती सरळ वर फेकतो, ती आयनांबरावरून आपटून आजूबाजूच्या तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात पसरते. दिवसा पुण्याहून सोलापूर, रत्नागिरी, औरंगाबाद गाठायला याहून चांगली सोय नाही. सह्याद्री मध्ये आहे याची तिला पर्वाही नसते. दूरच्या देशांसाठी कमी कोनातून जाणारी लहर हवी. तिथे उंच डायपोल, भरपूर रेडियल तारांसह उभी पाव लहर, नाहीतर यागी अँटेना. ही यागी १९२०च्या दशकात जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांच्या कामातून आली. काम मुख्यतः उदांचं होतं, नाव यागींचं राहिलं. केरळ-कोकणात बांबूवर आणि नारळाच्या झाडावर तारा बांधतात. खारी हवा तांबं खाते, म्हणून तिथे जोड सील करणं हा सौंदर्याचा नव्हे, तर दरवर्षीच्या खर्चाचा प्रश्न असतो.

दोन मीटरच्या, म्हणजे १४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, पट्ट्यावर हिशेब वेगळा. इथे लहर बहुतांशी नजरेच्या रेषेत जाते. किलोमीटरमधलं रेडिओ क्षितिज काढायला मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घेऊन ४.१२ने गुणायचं. सपाटीपासून सातशे मीटर उंचीच्या कड्यावर उभं राहिलं की ते शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. किल्ल्यावर नेलेला पाच वॉटचा हातातला सेट कमाल करतो आणि तोच सेट सदाशिव पेठेत मुका होतो, त्याचं कारण हे. सेटसोबत येणारी आखूड रबरी अँटेना काढून ४९ सेंटिमीटरची उभी तार आणि खाली ४५ अंशांत उतरणाऱ्या चार तारा, एवढं एका सॉकेटवर जोडलं तरी ५० ओहमचा मेळ बसतो. शाळेतल्या मुलांकडून पहिली अँटेना करवून घ्यायची तर हीच. अंतराळ स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्‌झवरचा आवाज, ते डोक्यावरून जात असताना, इतक्या साध्या तारेवर पकडता येतो. शुभांशु शुक्ला जुलै २०२५मध्ये तिथून भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले ते हॅम रेडिओवरूनच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी केलेला ‘स्वयम्’ हा किलोभराचा उपग्रह जून २०१६मध्ये गेला, तोही हौशी रेडिओवर निरोप पोचवण्याच्या कल्पनेतून. इस्रोचा हॅमसॅट तर २००५पासून नऊ वर्षं जगभरच्या हॅमना वापरायला मिळाला.

शहरातली खरी अडचण आता तार नाही, गोंगाट आहे. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, गच्चीवरचे सौर इन्व्हर्टर यांनी लघुलहरींचा तळ इतका वर आणला आहे की पलीकडचा ऐकतो आणि आपल्याला त्याचं उत्तर ऐकू येत नाही. बॅटरीवर सेट चालवून घराचा मेन स्विच बंद करावा आणि एकेक सर्किट चालू करत चोर शोधावा. निम्मे चोर आपल्याच घरात सापडतात. आणि सोसायटीशी बोलताना परवान्याची प्रत दाखवण्याआधी तार किती बारीक आहे ते दाखवावं. विजेच्या तारांपासून खांबाच्या उंचीहून जास्त अंतर, आणि वळवाच्या दिवसांत केबल काढून घराबाहेर ठेवणं, या दोन बाबतींत मात्र कुणाचंही ऐकू नये.

आणीबाणीतला हॅम हा या छंदाचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा भाग. भूज २००१ आणि त्सुनामी २००४, दोन्ही वेळा हॅम कामाला आले. त्यातली त्सुनामीची गोष्ट जास्त बोलकी आहे. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानहून छंद म्हणून प्रक्षेपण करायला पोर्ट ब्लेअरला गेले होते. दुर्मीळ ठिकाण, रोज पाइल-अप. २६ तारखेला भूकंप झाला आणि त्याच तारांवरून बेटांची खबर मुख्य भूमीवर जाऊ लागली. अँटेना आधीच उभ्या होत्या, आणि गर्दीतून एकेक आवाज वेचून नोंद करायचा सराव आदल्या दिवसापर्यंत चालू होता. संकट आल्यावर पेटीतून सेट काढणाऱ्याकडे या दोन्ही गोष्टी नसतात. क्लबांनी ओळखपत्रं आणि जाकिटं वाटण्याऐवजी आठवड्यातून एकदा शिस्तीत नेट चालवला, तर प्रशासनाला त्याचा जास्त उपयोग होईल.

शेवटचा वाद एफटी-८चा. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७मध्ये आणलेल्या या पद्धतीत संगणक पंधरा-पंधरा सेकंदांचे ठोकळे पाठवतो. माणूस फक्त बघतो. जुने लोक म्हणतात, हे बोलणंच नव्हे. बरोबर आहे, नव्हेच. चहा झाला का हे त्यात विचारता येत नाही. पण या पद्धतीत एक गुण असा आहे जो आपल्यात उरलेला नाही : ती समोरच्याला उणे चौदा डेसिबल मिळाले तर उणे चौदाच सांगते. तारेची एक बाजू हलवावी, तासभर सोडावं आणि जगात कुठे कुठे आपण ऐकू गेलो ते नकाशावर बघावं. अँटेनाची इतकी प्रामाणिक परीक्षा पाच-नऊच्या रिपोर्टांतून होत नाही.

यंत्राला जे जमतं ते माणसांना जमायला हरकत नाही. उद्या सकाळी एखादा नवा व्हीयू३ घाबरत घाबरत रिपोर्ट मागेल, तेव्हा मीटरकडे बघा. काटा पाचावर असेल तर पाच सांगा, आवाज मधेच तुटतोय तर तेही सांगा, आणि वेळ असेल तर त्याची तार किती लांब आहे ते विचारा.